वेशीवर कमान हवी की आणखी काही? छोट्या शहराच्या रस्त्यांबद्दल सल्ला हवाय

उंबरठा

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत होते, आज गरजेपोटी लिहितेय.

शहर छोटं आहे. एका टोकापासून दुसरं टोक जेमतेम पाच किलोमीटर. बाहेरून आत येणारे तीन रस्ते, मधून जाणारा एक मुख्य रस्ता आणि ओढ्याच्या काठाने जाणारी एक कच्ची वाट, एवढाच पसारा. शहराची प्रवेशद्वारं, रस्ते आणि सायकलचे व पायी चालण्याचे मार्ग सुधारण्याचा एक आराखडा झालाय. त्यावर तीन आठवड्यांत लेखी सूचना द्यायच्या आहेत. आमच्या सात-आठ जणांच्या गटाने हे काम माझ्या गळ्यात घातलं, कारण मागच्या बैठकीत मी "नकाशा उलटा धरलाय" असं म्हणाले होते. (खरंच उलटा धरला होता.)

आराखड्यात काय काय आहे ते सांगते. तिन्ही रस्त्यांवर कमानी. कमानीपुढे शहराच्या नावाची माणसाएवढी अक्षरं. पहिल्या चौकात कारंजं. मुख्य रस्त्याच्या दोन्ही कडांना हिरव्या रंगाचा सायकल पट्टा, आणि फुटपाथवर नवे पेव्हर ब्लॉक. चित्रं इतकी देखणी आहेत की बोलायची सोय नाही. चित्रांत सगळीकडे संध्याकाळ आहे आणि कुठेही एकसुद्धा गाडी लावलेली नाही.

गेल्या रविवारी मी आईला व्हीलचेअरमधून याच मुख्य रस्त्यावर सहाशे मीटर नेलं. मुद्दाम. पर्समध्ये शिवणकामाची टेप होती. सहाशे मीटरमध्ये अकरा वेळा फुटपाथ सोडून खाली रस्त्यावर यावं लागलं. एका जागी विजेचा खांब आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये ६८ सेंटिमीटर जागा आहे. खुर्ची ६४ ची. आईने हात मांडीवर घेतले, मी मात्र बोटं सोलून घेतली. पुढे चार पावलांवर चेंबरचं झाकण तीन बोटं वर आलेलं. ते चुकवायला खाली उतरले तर पुढची चाकं कडेच्या फटीत रुतली आणि मागून हॉर्न सुरू. आई म्हणाली, "मला घरी ने. रस्ता मी गॅलरीतून बघीन."

तर माझा प्रश्न असा. कमानीला नाही म्हटलं की "यांना काही चांगलं झालेलं बघवत नाही" हे ठरलेलं. पैसे अर्थातच सगळ्याला पुरणार नाहीत. मग आधी काय मागावं? आणि ते अशा शब्दांत कसं मागावं की वाचणाऱ्याला बाजूला ठेवता येणार नाही?

---

नकाशावाला

ताई, आधी कबुली देतो. चौतीस वर्षं रस्त्यांची ड्रॉइंगं काढली, त्यात कमानीही काढल्या. एक तर चांगलीच आठवते. खालून रस्ता ऐसपैस दिसावा म्हणून तिचे दोन्ही खांब मी मुद्दाम लांब घेतले होते. उद्घाटन झालं, फोटो निघाले. पुढच्या सहा महिन्यांत कमानीनंतरच्या पहिल्या चौकातला दिशादर्शक फलक तीनदा गाडीखाली गेला. तिसऱ्या वेळी फलकाशेजारी एक सायकलस्वार उभा होता. वाचला, पण गुडघ्याचं कायमचं दुखणं झालं. ड्रॉइंगवर सही माझी होती.

चूक कुठे झाली हे कळायला मला बरीच वर्षं लागली. माणूस अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर नव्वदने गाडी हाकून आला की साठचा वेग त्याला रांगल्यासारखा वाटतो. पायाखाली ब्रेक असतो, पण वेग ठरवतो डोळा. डोळ्याला रुंद, सरळ, मोकळं दिसलं की पाय दाबला जातो. मी त्याला कमानीखाली आणखी रुंद रस्ता दाखवला आणि वर "सुस्वागतम" लिहिलं!

पूर्वी गावाला वेस असायची. तिथे अरुंद होतं, वळण होतं, बैलगाडीलाही चाल कमी करावी लागायची. आपण वेशीची फक्त कमान ठेवली आणि अडचण काढून टाकली. तुमच्या सूचनेत पहिली मागणी हीच करा: तिन्ही प्रवेशांवर दोनशे-तीनशे मीटरचा एक उतरता टप्पा हवा, ज्यात गाडीचा वेग आपोआप खाली येईल. कमानीला विरोध करूच नका. टप्पा आधी बांधा, कमान उरलेल्या पैशांत करा, एवढंच म्हणा.

हा टप्पा कसा असतो ते सांगतो. सुरुवातीला गाडीची लेन साडेतीन मीटरवरून तीनवर येते. दोन्ही कडांना झाडं, तीही जवळजवळ. उंच उभ्या गोष्टी डोळ्याच्या कडेने सरकायला लागल्या की वेग जाणवतो; मोकळ्या माळावर तो जाणवत नाही. हायवेचे उंच दिवे संपून बुटके दिवे सुरू होतात. मग मधोमध एक बेट, ज्याला वळसा घालताना गाडीला किंचित तिरकं व्हावं लागतं. आणि टप्प्याच्या शेवटी, वेग उतरल्यावर, पहिलं क्रॉसिंग. क्रम उलटा करू नका. क्रॉसिंग आधी आणि बेट नंतर असं एका ठिकाणी करून बसलो होतो, तिथे लोक पट्ट्यांवरून चालण्याऐवजी पळायचे.

वेगाचा मुद्दा कागदावर पटवायचा असेल तर ब्रिटनच्या हायवे कोड या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेतले थांबायच्या अंतराचे आकडे द्या. ताशी ३२ किलोमीटरला गाडी १२ मीटरमध्ये थांबते, ४८ ला २३ मीटर लागतात, ६४ ला ३६. आता १२ मीटरवर एक मूल रस्त्यात आलं असं धरा. बत्तीसवाला मुलाच्या पुढ्यात थांबला. अठ्ठेचाळीसवाल्याचे पहिले नऊ मीटर तर नुसते भान येण्यातच जातात, ब्रेक लागतो फक्त तीन मीटर. हिशोब केला तर त्या क्षणी त्याचा वेग अजून चाळीसच्या वर असतो. सोळा किलोमीटरचा फरक, आणि एक गाडी थांबलेली, दुसरी धडकलेली. हे मी बैठकीत टेबलावर खडूने आखून दाखवायचो. भाषणापेक्षा खडू चालतो.

कारंज्याबद्दल: चौकाच्या मधोमध काय ठेवता याने वेगात काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो आत शिरताना गाडीला किती वळावं लागतं याने. गोल बेट लहान आणि रस्ते रुंद असले की गाडी त्याच्या बाजूने सरळ रेषेत निघून जाते. ड्रॉइंग मागा, त्यावर एका पेन्सिलीने कमीत कमी वळून पलीकडे जाणारी रेघ काढा. रेघ जवळपास सरळ आली तर त्या चौकाचा उपयोग फोटोपुरताच.

तुमच्या ६८ सेंटिमीटरवर नंतर लिहितो. तो तर सगळ्या आराखड्यातला सर्वात महत्त्वाचा आकडा आहे.

---

दोन_चाकं

हिरव्या पट्ट्याबद्दल मी बोलतो, रोज चौदा किलोमीटर सायकल मारतो.

रंग म्हणजे सायकल मार्ग नव्हे. रंगाच्या आणि फुटपाथच्या मध्ये गाड्या लागणार, आणि लागलेल्या गाडीचं दार उघडतं ते नेमकं पट्ट्यात. दोन वर्षांपूर्वी असंच एक दार माझ्या हँडलला लागलं. मी पडलो ते रहदारीच्या बाजूला. मागचा ट्रक थांबला म्हणून हे लिहितोय. दार उघडणारे गृहस्थ खाली उतरून आधी दाराला पोचा आलाय का ते बघत होते.

गाड्या लावायच्याच असतील तर क्रम बदला: आधी फुटपाथ, मग सायकल, मग हातभर रुंद उंचवटा दाराच्या उघडझापीसाठी, मग लावलेल्या गाड्या, मग रहदारी. लावलेल्या गाड्याच सायकलवाल्याची भिंत होतात. आणि दोन मीटर रुंदी मागा. हँडल साठ-पासष्ट सेंटिमीटरचं असतं, पण माणूस डुलतो, खड्डा चुकवतो, मागून कोणी भराभर येतो.

पावसाच्या पाण्याच्या जाळ्या बघून ठेवा. सळया चाकाच्या दिशेने असतील तर बारीक टायर सरळ आत. आडव्या फिरवून बसवायला फारसं काही लागत नाही, पण कोणी सायकलवर बसून बघतच नाही.

आणखी एक. तुकड्यातुकड्यांनी करू देऊ नका. "या वर्षी तीनशे मीटर, पुढच्या वर्षी बघू" असं झालं की त्या तीनशे मीटरवर कोणी येत नाही आणि मग लोक म्हणतात, बघा, सायकली कुठे आहेत? स्पेनमधल्या सेव्हियाने २००६ नंतरच्या काही वर्षांत सुमारे ८० किलोमीटरचं वेगळं केलेलं, एकमेकांना जोडलेलं जाळं एका दमात उभं केलं. जिथे सायकल फारशी नव्हतीच, तिथे ती रस्त्यावर दिसायला लागली. तुमचं शहर पाच किलोमीटरचं आहे. उभा एक आणि आडवा एक, असे दोनच मार्ग पण सलग मागा.

---

गल्ल्यावरून

सगळे एका बाजूने बोलताय म्हणून लिहितो. माझं मुख्य रस्त्यावर दुकान आहे, वडिलांपासून. तुम्ही लेन तीन मीटर करणार, सायकलला दोन मीटर देणार, फुटपाथ रुंद करणार. गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार? गाडी लावायला मिळाली नाही की माणूस पुढे जातो, परत येत नाही. माल उतरवायचा टेम्पो कुठे उभा करू, डोक्यावर? परदेशातली उदाहरणं द्यायला काय जातं. कामं चालू असताना आठ-आठ महिने दुकानासमोर खड्डा असतो ते कोणी लिहीत नाही.

ताईंच्या आईंचा त्रास खरा आहे, त्याला माझी ना नाही. पण फुटपाथवरचा खांब काही दुकानदाराने लावलेला नाही.

---

नकाशावाला

गल्ल्यावरून, तुमचं खड्ड्याबद्दलचं बोलणं शंभर टक्के बरोबर. मी ज्या कामांवर होतो त्यांतली निम्मी दुकानदारांच्या रागाने बिघडली, आणि राग योग्यच होता. ताई, तुमच्या सूचनेत हे घ्याच: काम एका वेळी एकाच बाजूला, एका वेळी दोन आडव्या गल्ल्यांच्या मधला तुकडा, दुकानाच्या दारापर्यंत फळ्यांची का होईना पण वाट, आणि खाली सगळ्या पाइप-केबली एकदाच. वर फरशी बसवून झाल्यावर महिन्याभरात केबलवाला खणायला येतो, हा अनुभव कोणाला नाही?

गिऱ्हाइकाचं मात्र जरा मोजून बघू. ब्रिस्टलमध्ये सस्ट्रान्स या संस्थेने २००६ साली दुकानदारांना विचारलं, तुमची किती गिऱ्हाइकं गाडीने येतात? त्यांचा अंदाज ४१ टक्के. मग खुद्द गिऱ्हाइकांना विचारलं, तर २२ टक्के. दुकानदार खोटं बोलत नव्हते. गाडी मोठी असते, दारासमोर दिसते, तिच्यावरून भांडण होतं, म्हणून लक्षात राहते. चालत आलेला माणूस लक्षात राहत नाही. तुमच्या दुकानाचा आकडा वेगळा असेल, कदाचित जास्तही निघेल. एक आठवडा गल्ल्यावर वही ठेवा आणि बिल करताना "कसे आलात" विचारून रेघ मारा. तुमच्या वहीतला आकडा ब्रिस्टलच्या आकड्यापेक्षा बैठकीत जास्त चालेल, मग तो कोणाच्याही बाजूचा असो.

टेम्पोसाठी जागा आखूनच घ्यावी लागते, दर काही दुकानांमागे एक, फक्त माल उतरवण्यापुरती. ती ड्रॉइंगमध्ये नसली की टेम्पो सायकल मार्गात उभा राहतो आणि चालकाचा त्यात दोष नसतो. वायव्य स्पेनमध्ये पोन्तेवेद्रा नावाचं साधारण ऐंशी हजार वस्तीचं शहर आहे. १९९९ पासून त्यांनी मधल्या भागातून गाड्या जवळजवळ बाहेर काढल्या. पण माल आणि अडीअडचणीच्या कामाच्या गाड्यांना थोड्या वेळापुरतं आत येता येतं. तिथला मला सर्वात आवडलेला प्रकार अगदी साधा आहे. २०११ मध्ये त्यांनी मेट्रोच्या नकाशासारखा एक नकाशा काढला, फक्त त्यात मेट्रो नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडे चालत किती मिनिटं लागतात तेवढंच. कडेला गाडी लावणाऱ्या माणसाला कळलं की आपल्याला जिथे जायचंय ते सहा मिनिटांवर आहे. असा नकाशा तुमच्या गटाला दोन रविवारांत करता येईल.

आणि "गाड्या बंद" हा शब्द ताई, चुकूनही वापरू नका. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनने १९७७ मध्ये गाड्या बंद केल्या नाहीत. शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि एका भागातून दुसऱ्यात गाडीने थेट जाता येणार नाही असं केलं. बाहेरच्या रस्त्याने वळसा घाला आणि या. पायी आणि सायकलने सरळ. प्रत्येक दारापर्यंत गाडी पोचते, पण मधून आरपार जाणारी रहदारी आटते. तुमच्या मुख्य रस्त्यावर सकाळी तासभर उभं राहून बघा, किती गाड्या थांबतात आणि किती नुसत्या इकडून तिकडे जातात. दुकानदाराला थांबणारी गाडी हवी असते. आरपार जाणारीने त्याला फक्त धूर मिळतो.

लोकांना भीती वाटत असेल तर आधी कच्चं करून दाखवायला सांगा. न्यूयॉर्कने २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरचा काही भाग गाड्यांना बंद केला तेव्हा तिथे पहिल्यांदा घडीच्या खुर्च्या टाकल्या होत्या. रंग, कुंड्या, प्लास्टिकचे खुंट, तीन महिने. नाही जमलं तर उचलायचं. कर्बचा, म्हणजे फुटपाथच्या कडेचा, दगड एकदा काँक्रीटमध्ये बसला की मग चूक तीस वर्षं टिकते.

आता ६८ सेंटिमीटर. फुटपाथची रुंदी नेहमी सरासरीत सांगतात: "अडीच मीटरचा फुटपाथ". अडीच मीटर असतोही, बहुतेक ठिकाणी. पण खुर्चीतल्या माणसाच्या दृष्टीने संपूर्ण फुटपाथची रुंदी सर्वात अरुंद जागेएवढीच असते. तो ६८ चा खांब आहे तोवर बाकीच्या सहाशे मीटरवर सोन्याचे पेव्हर लावले तरी आई गॅलरीतच. म्हणून सूचनेत "फुटपाथ सुधारावा" असं लिहू नका. असं लिहा: "या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही दोन मीटरपेक्षा कमी मोकळी रुंदी नसावी, खांब, पेटी, फलक, झाड यांमुळे नाइलाज असेल तिथे दीड मीटर." दोन मीटरमध्ये दोन व्हीलचेअर समोरासमोरून जातात, दीड मीटरमध्ये एक व्हीलचेअर आणि शेजारून एक माणूस. अशी अट लिहिली की कंत्राटदाराला खांब हलवावा लागतो, किंवा फुटपाथ रस्त्याच्या बाजूला फुगवावा लागतो. नुसत्या फरशा बदलून बिल निघत नाही.

आडव्या गल्लीशी फुटपाथ तोडायचा नाही, हेही घाला. कोपनहेगनमध्ये बारीक गल्ली लागली तरी फुटपाथ त्याच उंचीने पलीकडे जातो. चढून उतरायचं ते गाडीने. तुमच्या अकरा उतरण्यांपैकी निम्म्या तरी अशाच असतील, पैज लावतो. जिथे उतरावंच लागतं तिथे कर्ब रस्त्याशी पार सपाट करायचा. बोटभर उंची ठेवली तरी पुढची बारीक चाकं अडतात. पेलिकन (बटण दाबून सिग्नल मिळणारं), झेब्रा, काय असेल ते, सगळ्या क्रॉसिंगवर कडा काढून टाका.

---

पांढरी_काठी

नकाशावाला, तुमचा सल्ला बाकी उत्तम, पण "सगळ्या क्रॉसिंगवर कडा काढून टाका" वाचून मी स्क्रीन रीडरला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

मला दिसत नाही. फुटपाथची ती कडा म्हणजे माझ्यासाठी "इथे थांब" असं लिहिलेला फलक आहे. कडा गेली की काठीला काही कळत नाही. एकदा मी अशा सपाट केलेल्या कोपऱ्यावर उभी होते, असं मला वाटत होतं. एका मुलाने हाताला धरून मागे ओढलं तेव्हा कळलं, मी चार पावलं रस्त्यात होते. सगळं एका पातळीवर आणून गाड्या आणि माणसं मिसळायची फॅशन मध्यंतरी आली होती. ब्रिटनमध्ये आमच्यासारख्यांनी इतका आरडाओरडा केला की २०१८ मध्ये तिथल्या सरकारने स्थानिक संस्थांना अशी नवी कामं थांबवून ठेवायला सांगितलं.

म्हणजे खुर्चीवाल्यांना चढ नको आणि मला कडा हवी, असं भांडण लावू नका. उत्तर १९६५ पासून आहे. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी उठावाच्या फरश्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या. टिपक्यांची फरशी म्हणजे थांब, लांब पट्ट्यांची म्हणजे या दिशेने चल. कडा सपाट केली तिथे पूर्ण रुंदीभर टिपके आले की तळव्याला कळतं.

पण बसवणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत हवा ना! मी ज्या रस्त्याने रोज जाते तिथे पट्ट्यांची पिवळी रांग मला नेऊन थेट एका फलकाच्या खांबावर आपटते. खांबाच्या पलीकडून ती पुन्हा सुरू होते, असं म्हणतात. एका कोपऱ्यावर टिपके आणि पट्टे एक सोडून एक लावलेत, डिझाइन म्हणून. थांब, चल, थांब, चल. नाचू का?

उंबरठा, तुमच्या सूचनेत एक ओळ टाका: फरशा बसवून झाल्यावर, बिल देण्याआधी, एका न दिसणाऱ्या आणि एका खुर्चीतल्या माणसाने तो रस्ता एकट्याने पार करून दाखवावा.

---

नकाशावाला

चूक कबूल. टिपक्यांविना सपाट कडा मी पण काढल्यात, खूप. "बिल देण्याआधी" हे शब्द चौतीस वर्षांत मला सुचले नाहीत.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार. शनिवारी आम्ही पाच जण पुन्हा फिरलो, या वेळी खडू घेऊन. अकरापैकी सात उतरण्या आडव्या गल्ल्यांच्या निघाल्या. नकाशावाला, पैज तुम्ही जिंकलात. बाकी चारांत ते चेंबरचं झाकण, एक वाकलेला फलक, झाडाभोवतीचा कठडा आणि एक बंद पडलेली पेटी, जिचं दार उघडून बघितलं तर आत चिमणीचं घरटं.

मुख्य रस्ता ओलांडायला १२ मीटर आहे. आईच्या वयाचे एक आजोबा ओलांडताना वेळ लावला: १६ सेकंद, आणि मध्ये थांबायला जागा नाही. मधोमध बेट असतं तर त्यांना दोनदा आठ-आठ सेकंदांचाच अंदाज घ्यावा लागला असता, असं आमच्यातला एक जण म्हणाला. बरोबर आहे का हे?

आणि ओढ्याच्या वाटेबद्दल कोणीच बोललं नाही. आराखड्यात तिथे बाकं, दिवे आणि व्यायामाची यंत्रं आहेत. वाट छानच आहे, पण तिथे जायचं कसं? दोन्ही टोकांना ती भरधाव रस्त्याच्या कडेला संपते, आणि मध्ये पुलाखाली साठेक मीटर चिखल.

---

दोन_चाकं

त्या साठ मीटरसाठी मी बाकं, यंत्रं सगळी सोडायला तयार आहे. पुलाखालून पाण्यापेक्षा वर एक पक्की पट्टी निघाली तर रस्ता न ओलांडता आरपार जाता येईल. आता लोक चिखल टाळून कुठून चढतात ते बघा, गवतात पायवाट पडलेली असेलच. रॅम्प तिथेच मागा. ड्रॉइंगवाला तो हमखास दुसरीकडे काढतो. (नकाशावाला, राग नसावा.)

---

नकाशावाला

राग कसला, खरंच आहे. मी तर एका बागेत काटकोनात वाटा काढल्या होत्या, लोकांनी आठवड्यात तिरकी पाडली. आम्ही तिथे कुंपण घातलं. लोकांनी कुंपण वाकवलं. शेवटी तिरकीच पक्की केली, मूळ वाटेवर आज गवत आहे.

बेटाचं बरोबर. एका वेळी एकाच दिशेच्या गाड्या बघायच्या, हा मोठा फायदा. फक्त बेट ओलांडायच्या दिशेने किमान दोन मीटर रुंद हवं, नाहीतर मागून कोणी ढकलत असलेली खुर्ची किंवा सायकल त्यात मावत नाही. पुढचं किंवा मागचं चाक रस्त्यात राहतं. रॅम्पचा चढ बारा मीटर जायला एक मीटर वर, याहून उभा नको. आणि दिवे वाटेच्या आधी दोन्ही टोकांच्या क्रॉसिंगवर मागा.

---

गल्ल्यावरून

चार दिवस वही ठेवली. आकडा इथे सांगत नाही. टेम्पोच्या जागेची मागणी सूचनेत घालणार असाल तर आमच्या ओळीतली नऊ दुकानं सही करतील. खड्ड्याबद्दलचं ते "एका वेळी एक बाजू" पण हवं.

---

उंबरठा

दोन्ही घातलंय. काल रात्री मसुदा पुरा झाला, दोन पानांचा. कमानीचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत, "वरील कामं झाल्यावर" एवढाच. पहिल्या पानावर खडूच्या खुणांचे फोटो, आणि वर तो खांब.

सही करशील का म्हणून आईला विचारलं. तिने आधी चष्मा मागितला, सगळं वाचलं आणि एकच दुरुस्ती सांगितली: ६८ च्या पुढे "सेंटिमीटर" अक्षरी लिही, नाहीतर त्यांना इंच वाटतील आणि म्हणतील, मग यांना त्रास कसला?